पुण्यात आहे म्हणून सांगितलं

गेलं वर्षभर मी पाहुण्यारावळ्यांना सरळ खोटं सांगत होतो. थोरली कुठाय म्हणून कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, ‘पुण्यात. एमपीएससीची तयारी करते.’ समोरच्याची मान लगेच डोलायची. ‘चांगलंय की! दोन-तीन वर्षं द्यायचीच तिला.’

पोरगी मेक्सिकोत होती. इंजिनिअरिंग संपवून, हातातली नोकरी नाकारून, साठवलेल्या पैशांवर वर्षभर स्पॅनिश शिकायला आणि हिंडायला गेलेली.

जाण्याआधी घरात महिनाभर रणकंदन झालं. तिनं मला वर्ध्याच्या पांडुरंग खानखोज्यांचं उदाहरण दिलं. 1924 साली ते मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवलं, मक्यावर संशोधन केलं, दिएगो रिवेरानं त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. मी म्हटलं, ‘त्यांना इंग्रज सरकार देशात पाऊल ठेवू देत नव्हतं. तुला कुणी हाकललंय?’ उत्तर झकास जमलं म्हणून मी स्वतःवरच खूश. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिकीट काढून आली.

तिकडच्या टोळ्यांच्या बातम्या मी पुढं करायचो, आणि ती काळजी खोटी नव्हती. आजही ती बातमी दिसली की पोटात गोळा येतो. पण रात्री झोप उडायची ती वेगळ्याच गोष्टीनं. स्थळाला द्यायच्या माहितीत हे वर्ष काय म्हणून लिहायचं?

आमचं घराणं हुपरीचं. वडील पैंजण करायचे. मी कोल्हापुरात गुजरीत दुकान घातलं आणि गल्ल्यावर बसलो.

एका शनिवारी रात्री साडेनऊला तिचा व्हिडिओ कॉल आला. तिथं सकाळचे दहा. गाव तास्को, डोंगरउतारावरचं, चांदीकामाचं; शनिवारी तिथं चांदीचा बाजार भरतो. मेक्सिकोइतकी चांदी जगात कुठं निघत नाही हे मला धंद्यामुळं ठाऊक होतं, पण माझ्या लेखी मेक्सिको म्हणजे भावाच्या तक्त्यातला एक आकडा. तिनं फोन एका म्हाताऱ्या कारागिराकडं वळवला. त्यानं तारेचं टोक कानशीनं निमुळतं केलं, जंतराच्या छिद्रातून ओवलं, चिमट्यात पकडलं आणि पाय रोवून अख्खं अंग मागं टाकत ओढलं. मी उठून उभाच राहिलो. वडील अगदी असेच रेलायचे, शेवटच्या वितीला श्वास धरून.

मी माळ्यावरचं वडिलांचं जंतर काढलं, धूळ पुसून कॅमेऱ्यासमोर धरलं. म्हातारा हसला, स्वतःचंही उचलून दाखवलं. मग सांधा झाळायला काय वापरता, असं मी विचारलं, तर पोरीला टाकणखाराला स्पॅनिश शब्द येईना. म्हाताऱ्यानं बरणीच पुढं केली: ‘बोराक्स’. अर्धा तास आम्ही असे बोललो. शेवटी त्यानं विचारलं, आता हे जंतर कोण ओढतं? पोरगी भाषांतर करून थांबली.

‘सांग, मी विकतो फक्त.’

वडील पैंजणांची ट्रंक घेऊन महिनोन्‌महिने परमुलखात फिरायचे. भाषा येत नसायची, खाणाखुणांवर सौदे. एकदा मलाही चल म्हणाले होते. मी कॉलेजचं निमित्त सांगितलं. खरं तर रेल्वेत तीन रात्री काढायची मला धास्ती होती. त्यांच्या फिरण्याला कुणी वाया म्हटलं नाही, कारण त्यातून पैसे यायचे. आणि पुण्यात अभ्यासिकेच्या खुर्चीत बसलेल्या वर्षाला तरी कोण वाया म्हणतं? माझं खोटं इतक्या सहज पचत होतं ते याचमुळं.

पोरगी परत आली. बसमध्ये एक फोन चोरीला गेला, रंग रापला, बाकी धडधाकट. माझ्यासाठी 925 चा शिक्का मारलेलं कडं आणलं. मी सवयीनं ते कसोटीवर घासायला घेतलं, तर बायको एवढंच म्हणाली, ‘बास की आता.’

परवा भाचीच्या साखरपुड्यात मामांनी विचारलं, ‘मग, पोरीच्या परीक्षेचं काय झालं?’

‘परीक्षा नव्हतीच, मामा. मी खोटं बोललो. मेक्सिकोला फिरायला गेली होती.’

मामांनी घास तसाच हातात धरला. रागावणार असं वाटलं. मग जरा पुढं सरकून हळूच म्हणाले, ‘तिकडं चांदी काय दरानं मिळती?’