नैर्ऋत्येचा मुलूख

स्कॉटलंडच्या वायव्येस, मुख्य भूमीपासून अलग होऊन अटलांटिकला सामोरी उभी राहिलेली आउटर हेब्रिडीज नावाची जी द्वीपमाला आहे, तिच्या दक्षिणेकडील व्हॅटरसे बेटापासून उत्तरेच्या ‘बट ऑफ लुईस’ या भूशिरापर्यंतचे सुमारे 200 किलोमीटर अंतर, पायांखाली एक फळी आणि माथ्यावर एक पतंग एवढ्याच साधनांनिशी, उघड्या पश्चिम किनाऱ्याने काटण्याचा संकल्प जे करतात, त्यांच्याविषयी मला नितांत आदर वाटतो. शिडाच्या होडीत थकलेल्या माणसाला निदान टेकायला जागा असते. काइटसर्फिंग करणाऱ्याचा वारा पडला की तोही पाण्यात पडतो.

पतंगाचे वीस-पंचवीस मीटर लांबीचे चार दोर एका दांडीला येऊन मिळतात आणि ती दांडी कमरपट्ट्याच्या कडीत अडकवलेली असते. ती जवळ ओढली की ताण वाढतो, दूर लोटली की ढील मिळते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो, म्हणून सकाळी सौम्य वाऱ्यासाठी उभारलेला मोठा पतंग दुपारी स्वाराला त्याच्या इच्छेविरुद्ध उचलून नेऊ शकतो. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील ब्रुनो आणि दोमिनिक लगेन्यू या बंधूंनी 1984 साली हवा भरलेल्या कण्यांच्या पतंगाचे पेटंट नोंदवले; पाण्यात कोसळलेला पतंग पुन्हा उठू लागला, आणि असल्या दूरच्या सफरींचा विचार तरी शक्य झाला.

या मुलखावर वर्षाचा बहुतेक काळ नैर्ऋत्येचा अंमल असतो आणि बेटांची रांगही साधारण ईशान्येकडे झुकत गेलेली आहे. तेव्हा पाठीशी वारा घेऊन सरळ उत्तर गाठावी, असे नकाशा पाहणाऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ऐन पाठीचा वारा हाच इथे अवघड: स्वार पतंगाच्या दिशेने धावू लागतो, दोर सैल पडतात आणि आकाशातला आधार निघून जातो. म्हणून त्याला कधी किनाऱ्याकडे, कधी समुद्राकडे तिरपे कापत जावे लागते. पश्चिमेचा वारा त्याला काठावर लोटतो; पूर्वेचा, म्हणजे मतलई, दिसायला किती गोड, पाणी कसे सपाट करून ठेवतो! पण त्याच्या स्वाधीन झालेल्या माणसाला पुढे थेट लाब्राडोरपर्यंत भूमी नाही.

साउथ युइस्ट बेटाचा पश्चिम काठ या बाबतीत दयाळू आहे. शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची पांढरी वाळू तिथे सुमारे 30 किलोमीटर जवळजवळ अखंड पसरलेली आहे, आणि तिच्यामागे ‘माखर’ नावाची, उन्हाळ्यात रानफुलांनी भरून जाणारी सपाट गवताळ भूमी. पुढे हॅरिसच्या सामुद्रधुनीत बुडत्या-उघड्या खडकांची दाटी लागते, 799 मीटर उंचीचा क्लिशम पर्वत वाऱ्याचे तुकडे करून ते वाटेल तिकडे फेकतो, आणि लुईसच्या नैर्ऋत्य टोकाशी तर 300 कोटी वर्षांपूर्वीचा नाइस खडक उभ्या कड्यांनी समुद्रात उतरतो. तिथे काठावर लोटले जाणे हेच मरण.

लुईसमधल्याच स्टॉर्नोवे गावी कॉलिन मॅकेन्झी जन्मला, जो म्हैसूरच्या मुलखाची मोजणी करून 1815 साली भारताचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला, आणि ज्याने जमवलेल्या कैफियतींच्या दप्तरांत मराठी कागदही आहेत. जमिनीची रुजुवात अशी होऊ शकते. ज्या वाऱ्यात त्याचे बालपण गेले, त्याची मात्र मोजणी करून बांध घालता येत नाही. तो त्या-त्या दिवशी कमरेच्या ओढीवरूनच जाणावा लागतो, आणि हे जाणणे मला कुठल्याही दप्तराइतकेच मोलाचे वाटते.

दोराने माणूस तरतो, ही गोष्ट या बेटाला फार दुःखाने ठाऊक आहे. 1919 सालच्या नववर्षाच्या पहाटे, महायुद्धातून घरी परतणाऱ्या खलाशांना घेऊन आलेले ‘आयोलेर’ हे जहाज स्टॉर्नोवेच्या बंदराच्या तोंडाशी खडकावर आपटले आणि 200हून अधिक माणसे, घरचे दिवे दिसावेत इतक्या जवळ येऊन, बुडाली. नेस परगण्यातला जॉन मॅक्लाउड एक दोर घेऊन त्या लाटांत पोहत काठाला लागला, आणि त्या दोराच्या आधाराने सुमारे 40 जण वाचले. हा नेस परगणा म्हणजेच उत्तरेचे ते टोक, जिथे पतंगाचा प्रवासही संपतो.

तिथल्या योरपीच्या वाळूशी येणाऱ्या स्वाराला, इतकी मजल एकट्याने मारल्यावरही, जोराच्या वाऱ्यात पतंग सुखरूप उतरवण्यासाठी दुसऱ्या माणसाची गरज लागते. उघडा तळहात डोक्यावर थोपटणे ही त्यासाठीची खूण या खेळातल्या लोकांत सर्वत्र ओळखली जाते. पण काठावर मेंढ्या राखणाऱ्याला ती ठाऊक असेलच असे नाही. मग पतंगाची मधली कड धर, दोरांपासून दूर राहा, एवढे त्याला वाऱ्यावरून ओरडून सांगावे लागते, आणि त्याने ती घट्ट धरल्यावरच स्वार कमरेची कडी सोडतो.