मागचा शहाणा होतो तेव्हा

कठडा बसला हे चांगलंच झालं, याबद्दल मला शंका नाही. तरी दाव्याच्या फाइलमधला त्याचा फोटो समोर आला की मन थाऱ्यावर राहत नाही. पिवळा रंग दिलेल्या लोखंडी नळ्या, वळणावर दुहेरी. आता तिथून कुणी पडणार नाही.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्या म्हणीतल्या वाटेकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. वाटेत दगड आहे. पुढचा अडखळतो, मागचा बाजूने निघून जातो. पुढच्याचं पुढे काय झालं, तो उठला का, मागचा त्याच्यापाशी क्षणभर तरी थांबला का, हे म्हण सांगत नाही. ती वाट कुणाच्या मालकीची, हेही तिला विचारावंसं वाटत नाही. आणि मला सगळ्यांत खटकतं ते हे, की दगड तिथेच राहतो. शहाणा झालेला माणूस वळसा घालतो. दगड उचलायला त्या म्हणीत कुणी वाकत नाही.

मी लढवत असलेल्या दाव्यातल्या इमारतीत नेमकं हेच चाललं होतं. निम्मे फ्लॅट रिकामे, जिन्यावर दिवा नाही, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक बाजू उघडी. साक्षीला आलेल्या रहिवासी बाई मनात काही न ठेवता म्हणाल्या, "आम्ही सगळे भिंतीच्या कडेनेच चढायचो. पोरांनाही बजावून ठेवलं होतं." म्हणजे अख्खी इमारत शहाणी झालेली होती. पार्सल घेऊन आलेला माझा अशील तेवढा त्या जिन्याला नवा होता, आणि तोच पडला. रोजच्या वाटेवर कुणी पुढे असतं, कुणी मागे. जो पहिल्यांदाच येतो, त्याच्या पुढे ठेच खाऊन गेलेलं कुणी नसतं. असलं तरी ते त्याला दिसत नाही.

इंग्लंडच्या न्यायालयासमोर हा माणूस 1866 साली येऊन गेला. साखर शुद्ध करण्याच्या एका कारखान्यात गॅसचं काम तपासायला गेलेला कारागीर माल चढवायच्या उघड्या पोकळीतून खाली पडला. पोकळीला कठडा नव्हता. 'इंडरमॉर विरुद्ध डेम्स' या नावाने तो निकाल आजही वाचला जातो. कामासाठी आलेल्या माणसाला, मालकाला ठाऊक असलेल्या किंवा ठाऊक असायला हव्या अशा धोक्यापासून सांभाळायचं, एवढंच त्याचं सार. पुढे 1957 मध्ये तिथे जागेच्या ताबेदाराच्या जबाबदारीचा स्वतंत्र कायदा झाला. आपल्याकडे तसा कायदा नाही. जुने निकाल हाताशी धरून दिवाणी दावा लावायचा आणि निष्काळजीपणा एकेक करून सिद्ध करायचा.

कोर्टाच्या कमिशनरने माझ्या अशिलाची साक्ष घरी जाऊन नोंदवली. मानेखाली काही हलत नाही, तो कोर्टात येणार कसा? उलटतपासणीत त्याला विचारलं, मोबाइलचा टॉर्च का लावला नाही? तो म्हणाला, दोन्ही हातांत खोकं होतं. खोकं खाली ठेवून टॉर्च लावता आला असता की नाही? "हो, आला असता," तो म्हणाला. प्रश्न रास्त होता, मीही तो विचारला असता. त्या 'हो'मुळे भरपाईतला काही हिस्सा कापला जाऊ शकतो, हे त्याला मी आधी समजावलं होतं. तरी तो खरं बोलला. त्याबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो युक्तिवादात कुठे मांडता येत नाही.

त्याच्या भावाचा प्रश्न वेगळा होता. "मॅडम, नंतर कठडा बसवला म्हणजे चूक कबूलच केली ना?" अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत पुराव्याचा 407 क्रमांकाचा नियम आहे. अपघातानंतर केलेली दुरुस्ती निष्काळजीपणा सिद्ध करायला वापरता येत नाही. दुरुस्ती हीच कबुली ठरू लागली तर लोक दुरुस्तीच करणार नाहीत, हे त्यामागचं एक मोठं कारण. आपल्या पुरावा कायद्यात असा थेट नियम नाही, म्हणून मी तो फोटो दाखल केला. मागच्याला आपलं शहाणपण लपवायला लागू नये, हे मला पटतं. पण ते त्याला फुकटही मिळू नये, असं वाटत राहतं.

या विचारात असताना मी दिल्लीच्या एका जुन्या दाव्याकडे वळले आणि तिथेच अडकले. 1972 मध्ये एका पंचतारांकित हॉटेलच्या तलावात एका जर्मन वैमानिकाने सूर मारला. डोकं तळावर आपटलं आणि शरीर लुळं पडलं. 1975 मध्ये दावा लागला. तो चालू असतानाच 1985 मध्ये वादी वारला. 1997 मध्ये न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांनी पन्नास लाखांची डिक्री दिली. पंचतारांकित दर घेणाऱ्याची काळजीही त्याच तोलाची हवी, हा त्यातला विचार कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. पण अपिलात ती डिक्री टिकली नाही. वादीबरोबर त्याचा हक्कही संपला, असं ठरलं.

भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या 306व्या कलमात हे तत्त्व आहे. दुखापतीनेच मृत्यू आला तर हक्क वारसांकडे जातो. माणूस दुसऱ्या कशाने गेला, तर त्याने सोसलेल्या वेदनेची भरपाई मागणारं कुणी उरत नाही. मोटार अपघातांपुरतं हे बदललं. 2019च्या दुरुस्तीने मृत्यूचं कारण काहीही असो, जखमी माणसाचा हक्क वारसांकडे राहतो. तिथे वेगळं न्यायाधिकरण आहे, सक्तीचा विमा आहे. मणका रस्त्यावर मोडला की एक कायदा आणि जिन्यावर मोडला की दुसरा, याला मला पटेल असं कारण सापडलेलं नाही.

भरपाईचा हिशेबही मोटार अपघातांच्याच निकालांतून उचलावा लागतो. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघातात पूर्ण अपंग झालेल्या एका मुलीसाठी दोन मदतनीस धरले, प्रत्येकी महिना पाच हजार, आणि दोघांच्या वर्षाच्या रकमेला अठराने गुणलं. त्या एका बाबीचेच एकवीस लाख साठ हजार झाले. माझ्या अशिलाचा मदतनीस म्हणजे त्याचा भाऊ. त्याने नोकरी सोडली आहे. रात्री दर दोन तासांनी तो त्याला कुशीवर वळवतो, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. त्या रात्रींना कशाने गुणायचं?

आता समोरून तडजोडीचा प्रस्ताव आला आहे. मागणीच्या निम्म्याहून कमी, पण लगेच. तडजोड झाली की निकाल लिहिला जाणार नाही आणि दुसऱ्या कुठल्याही सोसायटीला तो वाचायला मिळणार नाही. निकाल व्हावा असं मला फार वाटतं. पण मागच्या महिन्यात त्याला लघवीच्या संसर्गाने ताप भरला होता, तेव्हा त्याची तब्येत विचारता विचारता माझ्या डोक्यात 306वं कलम होतं. निकालाची माझी इच्छा त्याच्यासाठी किती आणि मागून येणाऱ्यांसाठी किती, हे मला वेगळं करता येत नाही. आणि मागून येणाऱ्यांसाठी त्याने किती काळ वाट पाहायची, हे ठरवण्याचा अधिकार मला तरी आहे का?