ग्वांगजांग बाजारातील खाणे

दक्षिण कोरियाच्या सोल शहरातील ग्वांगजांग बाजार १९०५ पासून चालू आहे. मुलानातवंडांसह तेथे जाल, तेव्हा जात्यावर वाटल्या जाणाऱ्या मुगाने आपल्या धिरड्यांची आठवण होईल. हे बिंदेत्तोक भरपूर तेलात तळतात; म्हणून एकच मागवावे व वाटून खावे.

त्तोकबोक्की, म्हणजे तिखट लाल रश्शातील तांदळाच्या कांड्या, चिवट व चिकट असतात. ज्यांना कवळी आहे किंवा गिळताना ठसका लागतो, त्यांच्या घशात त्या अडकून श्वास कोंडू शकतो. अशा व्यक्तींना त्या देऊच नयेत. किमची आणि माशांच्या वड्यांचे गरम सूप यांत मीठ पुष्कळ असते. रक्तदाब वा हृदयविकार असल्यास दोन्ही चवीपुरतीच घ्यावीत. सिक्हे हे तांदूळ व मोड आणलेल्या बार्लीचे पेय गोड असते. मधुमेह असल्यास घोटभर पुरे. तहानेसाठी भाजलेल्या बार्लीचा बिनसाखरेचा 'बोरीचा' चांगला. त्यात कॅफीन नसते.

पोटभर खायचे असेल, तर भाजीचे जुक मागावे. ती तांदळाची मऊ पेजच होय. कोरियातही आजाऱ्याला तीच देतात. मात्र वरून सोया सॉस घालू नये आणि थोडी निवल्यावरच सावकाश खावी.