भारुडापासून नाट्यगृहापर्यंत

बीडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहावरून जाताना आज पाय आपसूक रेंगाळतात. जिल्ह्याचं हसू मात्र या भिंतींहून जुनं. ते देवळापुढच्या भारुडात पिकलं.

केज तालुक्यातल्या दरडवाडीचे वामन केंद्रे भारुड करणाऱ्या वडिलांच्या घरात वाढले, 'झुलवा'सारखं नाटक उभं केलं आणि 2013मध्ये थेट राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले.

माजलगावचे संदीप पाठक 'वऱ्हाड निघालंय लंडनला' एकट्यानं रंगवतात. लक्ष्मण देशपांडे यांनी घडवलेला हा एकपात्री प्रयोग. त्यात पन्नासहून जास्त पात्रं. आवाज बदलला, कंबर वाकली, की तरण्या गड्याची म्हातारी होते! आपलीच मराठवाडी बोली मंचावरून कानी पडते, तेव्हा ऊर भरून येतो.