दुसऱ्याच्या नावानं लिहिलेली पत्रं

कॉलेजात असताना मी बरीच प्रेमपत्रं लिहिली, पण त्यातलं एकही माझ्या नावानं नाही. नव्वदीच्या सुरुवातीचं कळंब. मित्राचं अक्षर वाईट आणि मराठी त्याहून वाईट. माझं शिक्षण मराठी शाळेतलं, निबंधाला बक्षिसं मिळालेली. एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात तो चहा-भजी मागवायचा आणि मी वहीच्या पानावर त्याची तळमळ उतरवून द्यायचो. मुलगी आमच्याच मोहल्ल्यातली, माझ्या बहिणीच्या वर्गातली. तिचं उत्तर आलं की आम्ही दोघं मिळून वाचायचो. हसायचोसुद्धा. ते हसणं सांगायला आज लाज वाटते, पण ते वगळलं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

चार-पाच महिन्यांनी एक पत्र तिच्या घरच्यांच्या हाती लागलं. तिची अकरावी सुटली आणि दोन महिन्यांत निकाह ठरला. रिवाजाप्रमाणे वकील आणि दोन गवाह आत जाऊन तिला विचारून आले. ती हो म्हणाली. बाहेर दस्तरखानावर वाढायला मी होतो आणि मित्रही होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी हैदराबादला आबिड्सच्या रविवारच्या बाजारात फुटपाथवर एक जुनी पेंग्विनची प्रत मिळाली. शोदेर्लो द लाक्लो या फ्रेंच तोफखान्यातल्या अधिकाऱ्यानं १७८२ साली लिहिलेल्या कादंबरीचं ते इंग्रजी भाषांतर. नावाचा अर्थ ‘धोकादायक संबंध’ असा काहीसा. पूर्ण पुस्तक म्हणजे १७५ पत्रं, निवेदक नाही. व्हालमों हा सरदार आणि मेर्तई ही विधवा सरदारीण, दोघं मिळून माणसं नादी लावतात आणि एकमेकांना त्याचा अहवाल पाठवतात. व्हालमों एका धार्मिक वृत्तीच्या विवाहितेला विरहाचं पत्र लिहितो, तेव्हा एका वेश्येच्या पाठीचं मेज केलेलं असतं. पत्रातला शब्द न् शब्द दुहेरी अर्थाचा. ते पान वाचलं आणि मला भज्यांची बशी आठवली.

त्याहून जवळचं प्रकरण सेसीलचं. पंधरा वर्षांची, नुकतीच कॉन्व्हेंटातून बाहेर आलेली. आईनं तिचं लग्न तिला न विचारता ठरवलेलं. तिच्या प्रियकराची पत्रं सुरक्षित पोचवतो असं सांगून व्हालमों तिच्या खोलीची किल्ली मिळवतो आणि रात्री आत शिरतो. पुढं जे घडतं त्याला पुस्तकावरच्या कितीतरी लेखांत ‘मोहात पाडणं’ म्हटलंय. मला तो शब्द पटत नाही. आरडाओरडा केलास तर तुझीच बदनामी होईल, हे तो तिला पटवून देतो. ही जबरदस्तीच आहे. नंतर तर तो तिच्या प्रियकराला जाणारं तिचं पत्रही स्वतः सांगून लिहून घेतो.

बहिणीला पुस्तक दिलं, तर ती मेर्तईच्या बाजूनं बोलू लागली. ८१व्या पत्रात मेर्तई सांगते की लहानपणापासून चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही याचा सराव तिनं केला. अंगाला वेदना करून घ्यायची आणि चेहरा आनंदी ठेवायचा. पुरुष हरला तर त्याचा एक डाव वाया जातो, बाई हरली तर तिचं सगळं जातं, असा तिचा हिशेब. बहीण म्हणाली, “बाकीच्या बायका रडतात, हिनं निदान हिशेब तरी मांडला.” माझं म्हणणं, हिशेब खरा, पण त्याची वसुली तिनं केली सेसीलकडून. ती काय देणं लागत होती? यावर आमचं अजून एकमत नाही. शेवटावर मात्र आहे. व्हालमोंला द्वंद्वात वीराला शोभेल असा मृत्यू. मेर्तईला देवी येतात, एक डोळा जातो, चेहरा विद्रूप होतो, कोर्टातला दावाही ती हरते. सेसील पुन्हा कॉन्व्हेंटात.

आपल्याकडे हा हिशेब छापून मागितला तो ताराबाई शिंदे यांनी, बुलढाण्याच्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला १८८१ साली स्वतःचं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. ती पुढे कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेणं सुरू झालं. १८८२मध्ये पुण्याहून निघालेल्या ‘स्त्रीपुरुषतुलना’त ताराबाईंचा सवाल सरळ होता. गोड बोलून नादी लावणारा कोण, आणि नंतर नामानिराळा राहणारा कोण? म्हणजे लाक्लोनंतर बरोबर शंभर वर्षांनी. जोतीराव फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले, तरी पुस्तक विस्मृतीत गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा वाचकांपुढे आणलं. आमचं कळंब ज्या निजामी राज्यात होतं, तिथल्या हैदराबादेत ‘पयाम’चे संपादक असलेल्या काझी अब्दुल गफ्फार यांच्या ‘लैला के खुतूत’मध्ये एक तवायफ पत्रांतूनच पुरुषांची झडती घेते. तेही पुस्तक लिहिलं पुरुषानंच, म्हणा.

हे सगळं मागच्या रमजान ईदला बहिणीशी बोलत होतो. शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवत ती म्हणाली, “भाई, उसको मालूम था.”

मला कळेना. तिनं सांगितलं की पहिलं पत्र पाहताच त्या मुलीनं अक्षर ओळखलं होतं. बहिणीच्या वह्यांवर नाव, इयत्ता, विषय मीच घालायचो. मित्रावर तिचा भरवसा नव्हताच. पण लिहिणारा मी आहे, म्हणजे पोरगा सच्चा असणार, असं ती तेव्हा बहिणीला म्हणाली होती.

“मग तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?”

“तेव्हा तू मला विचारलंस का?” बहीण म्हणाली, आणि वाट्या उचलून आत गेली.