कॉजवेवर भरती-ओहोटी

महिन्याचा पहिला शनिवार, खात्यात ताजा ताजा पगार आणि चर्चगेटला उतरलेली गँग. पुढचा प्लॅन ठरलेला, कॉजवे! कानातली, चपला, पितळी होकायंत्रं, एम्ब्रॉयडरीच्या पिशव्या... विक्रेत्याने सांगितलेल्या भावाला आधी हसायचं, मग निम्म्यापासून सुरुवात करायची. घासाघीस न करता काही घेतलंत तर ग्रुपमध्ये इज्जत गेलीच म्हणून समजा!

पण बॉस, ज्या फुटपाथवर आपण भाव करतो तिथे एकेकाळी चक्क समुद्र होता. मुंबई सात बेटांची, हे शाळेत घोकलेलं आठवतंय ना? त्यातली कुलाबा आणि धाकटा कुलाबा ही दोन बेटं मुंबईला जोडण्यासाठी १८३८ मध्ये बांध घातला गेला. तोच हा कॉजवे. त्याआधी ओहोटीला चालत जायचं आणि भरतीला होडी शोधायची. वेळ चुकली की अडकलात! आपली ८.१२ चुकली तर निदान ८.१६ तरी असते. इथे घाई करणाऱ्यांच्या जिवावरही बेतायचं.

रस्ता झाला आणि कुलाब्याचं नशीब पालटलं. १८४४ मध्ये कापसाचा बाजार इकडे आला, १८७४ मध्ये कुलाबा ते पायधुणी घोड्यांची ट्राम धावू लागली, १८७५ मध्ये ससून डॉक उघडला. तिथे पहाटे आजही मासळीचा लिलाव रंगतो. दुसऱ्या टोकाचं रीगल १९३३ चं. रस्त्याचं कागदोपत्री नाव शहीद भगतसिंग मार्ग, पण टॅक्सीवाल्याला मात्र ‘कॉजवे’च सांगायचं.

मधेच लागतं लिओपोल्ड, १८७१ पासूनचं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेक्यांनी इथे गोळीबार केला, माणसं मारली. काही दिवसांतच कॅफे पुन्हा उघडला. भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा मात्र मालकांनी बुजवल्या नाहीत. बाजूच्या टेबलावर कुणाचा तरी बर्थडे चालू असतो आणि आपली नजर त्या भोकावर जाऊन थांबते. क्षणभर गप्प व्हायला होतं.

बाहेर आलो की पुन्हा तोच गलका, ‘मॅडम, देखो तो सही!’ भरती-ओहोटी इथली संपलेलीच नाही. आता फक्त माणसांची असते, इतकंच. तेव्हा पुढच्या खेपेला भाव जरूर करा. पण दहा रुपयांसाठी फार ताणू नका. ऊन-पावसात दिवसभर उभं राहून ही भरती टिकवून ठेवणारा तोच तर आहे.