कर्लीच्या मुखाशी

१२ डिसेंबर, देवबाग
कर्ली खाडीच्या मुखाशी पाणी गढूळ, वर कुरवांचा गोंगाट. म्हणजे खाली मासळी आहे. थोड्याच वेळात गादे दिसले. इथले मच्छीमार डॉल्फिनला गादाच म्हणतात. हा हम्पबॅक डॉल्फिन. पाठीवर लांबट उंचवटा आणि त्यावर छोटासा पर. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच त्याचा सगळा संसार, त्यामुळे जाळी, होड्या, सांडपाणी यांपैकी काहीच त्याला चुकत नाही. आययूसीएनच्या यादीत तो संकटग्रस्त आहे.

पराच्या कडेवरच्या खाचांवरून एकेकाची ओळख पटते. आज एकाच्या पराचं टोकच नव्हतं. सुरीनं कापावं तशी सरळ रेघ, जखम जुनी, पांढरी पडलेली. बहुधा जाळ्याच्या दोरीनं झालेली.

१३ डिसेंबर
किनाऱ्यावर जाळं विणत बसलेले तांडेल म्हणाले, "गादे इले काय जाळ्याचा वाटोळा. पण मारूचे नाय. ते असतत थंय मासो असता." गाद्यांनी जाळ्यातले बांगडे ओढताना जाळं फाटतं, त्या दिवसाची कमाई जाते. संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर राज्य सरकार २०१८ पासून २५ हजारांपर्यंत भरपाई देतं. डॉल्फिननं फाडलेलं जाळं त्यात बसत नाही. ते बसायला हवं. डॉल्फिन जपण्याचा खर्च एकट्या मच्छीमारानं का सोसायचा?

२७ डिसेंबर
पर्यटकांची झुंबड. एक मादी पिल्लाला घेऊन मुखाशी होती. पिल्लू फिकट राखाडी, आईच्या कुशीला चिकटून श्वास घेणारं. दोन्ही बाजूंनी होड्या आल्या. मादी बुडाली ती थेट पलीकडे, बऱ्याच वेळानं वर आली. मासळीवर तुटून पडलेला कळपही पांगला. या जातीच्या मादीला साधारण तीन वर्षांतून एक पिल्लू होतं. इंजिनांच्या घरघरीत आई-पिल्लाच्या शिट्ट्याही एकमेकांना नीट पोचत नाहीत.

एका होडीवाल्यानं मात्र लांबच इंजिन बंद केलं आणि होडी प्रवाहावर सोडली. गादे आपणहून त्याच्या होडीजवळून गेले. सगळ्यात चांगलं दर्शन त्याच्याच गिऱ्हाइकांना झालं.

२८ डिसेंबर
संध्याकाळी होडीवाल्यांची बैठक. मागणी एकच ठेवणार आहे: पिल्लू दिसलं की पन्नास मीटरवर इंजिन बंद. बोलायला कालच्या त्या होडीवाल्यालाच उभं करायचं ठरलंय.